नमलॉकचा दिवा कोण लावतो?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यघटना, दुष्काळ, संतवाङ्मय, अणुशक्ती असे भारदस्त विषय मांडण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. त्या मानाने आम्ही निवडलेला विषय अगदीच चिमुकला, शब्दशः ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. संगणकाच्या कळफलकाच्या उजव्या अंगाला आकड्यांच्या कळांचा एक वेगळा गट असतो. त्या गटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘नमलॉक’ नावाची कळ असते आणि तिच्या आसपास एक बारीक दिवा. दिवा लागलेला असला की त्या कळांतून आकडे उमटतात. विझलेला असला की उमटत नाहीत. सकाळी संगणक सुरू केला म्हणजे हा दिवा काही ठिकाणी आपोआप लागतो, काही ठिकाणी लागत नाही, आणि काही ठिकाणी लागतो न लागतो तोच विझतो. असे का होते, आणि तो नेमाने लागावा म्हणून काय करावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान असला तरी तो पतसंस्थेच्या खिडकीमागे, बाजार समितीतल्या गाळ्यात, करसल्लागाराच्या कचेरीत, शाळेच्या कार्यालयात, जेथे जेथे दिवसभर आकडे भरण्याचे काम चालते तेथे रोज सकाळी उभा राहतो. शिवाय या एवढ्याशा दिव्याचा माग काढीत गेले की संगणक जागा कसा होतो, त्याच्या पोटात कारभार कोणाकडून कोणाकडे जातो, आणि यंत्राची सुरुवातीची स्थिती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या गोष्टीही ओघानेच कळतात. म्हणून हा विषय व्याख्यानाला अगदीच अपात्र नाही, असे आम्हांस वाटते.

पुसला गेलेला खाते क्रमांक

दिवा विझलेला असता नेमके काय बिघडते, ते प्रथम पाहू. सामान्य समजूत अशी की, फार तर आकडा उमटणार नाही. मग नमलॉक दाबावे आणि पुढे चालावे. वस्तुस्थिती इतकी निरुपद्रवी नाही. या गटातील बहुतेक कळांना दोन-दोन कामे नेमून दिलेली आहेत. नमलॉक चालू असता ८ ही कळ आठ लिहिते. बंद असता तीच कळ वर जाण्याच्या बाणाचे काम करते. २ खाली नेते, ४ डावीकडे आणि ६ उजवीकडे. ७ आपल्याला आरंभाकडे नेते, १ शेवटाकडे. ९ आणि ३ या कळा पानभर वर-खाली नेतात. ५ ला बहुधा काहीच काम उरत नाही. शून्याची कळ ‘इन्सर्ट’ होते, आणि दशांशचिन्हाची कळ होते ‘डिलीट’, म्हणजे पुसून टाकणारी! बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि एंटर या कळा मात्र दोन्ही स्थितींत आपले ठरलेले एकच काम करतात.

आता एका तक्त्याची कल्पना करा. एकाखाली एक खातेदारांची नावे आहेत. प्रत्येक नावाशेजारी खाते क्रमांक, आणि त्याच्या उजवीकडे रकमेचा रकाना. काम करणाऱ्या बाई अनुभवी आहेत. त्यांची नजर भरणा-पावतीवर असते आणि बोटे न पाहता चालतात. रक्कम आहे ४५२०.५०. नमलॉक बंद आहे. चार दाबताच यंत्र डावीकडे सरकले आणि खाते क्रमांकाच्या रकान्यात जाऊन उभे राहिले. पाचाने काही झाले नाही. दोन दाबताच ते एक ओळ खाली, म्हणजे पुढच्या खातेदाराच्या खाते क्रमांकावर आले. शून्याने काही दिसले नाही. मग आले दशांशचिन्ह, आणि त्या दुसऱ्या, बिचाऱ्या असंबंधित माणसाचा खाते क्रमांक पुसला गेला. उरलेल्या पाच आणि शून्याने काहीही घडले नाही. ज्याची रक्कम भरायची होती त्याचा रकाना कोराच राहिला. कोठे घंटी वाजली नाही, की तांबडे अक्षर उमटले नाही. त्याच क्षणी लक्षात आले तर केलेली कृती मागे घेता येते. परंतु आणखी वीस पावत्या भरून झाल्यावर लक्षात आले, तर त्या दिवशी हिशेब जुळेपर्यंत घरी जाणे लांबते. आणि लक्षात आलेच नाही, तर एक दिवस तो खातेदार खिडकीशी उभा राहून आपले खाते कोठे गेले म्हणून विचारतो.

दुसरा धोका परवलीच्या शब्दाचा. तो लिहिताना पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे आपण काय लिहिले हे आपल्यालाच दिसत नाही. परवलीच्या शब्दात आकडे असतील आणि ते नमलॉक बंद असता अंककळांवरून लिहिले, तर तेवढे आकडे गळून जातात. यंत्र म्हणते, शब्द चुकला. माणूस पुन्हा तेच करतो. मोठी अक्षरे उमटविणारी ‘कॅप्स लॉक’ ही कळ चालू राहिली असेल तर पडदा तशी सूचना देतो. नमलॉक बंद असल्याची सूचना सहसा कोणी देत नाही. ज्या कचेऱ्यांत ठराविक वेळा चुकल्यावर खाते बंद करण्याचा नियम असतो, तेथे एवढ्यावरून माणूस सकाळी-सकाळी आपल्याच टेबलापाशी परका ठरतो.

एका कळेला दोन कामे का?

असा दुटप्पी कारभार मुळात कोणी आणि कशासाठी सुरू केला, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बेरजेच्या जुन्या यंत्रांवर कळांची गर्दी असे. अमेरिकेतील डॉर फेल्ट यांच्या १८८७ च्या सुमाराच्या ‘कॉम्प्टोमीटर’ यंत्रात एकं, दहं, शतं अशा प्रत्येक स्थानासाठी एक ते नऊ आकड्यांचा स्वतंत्र स्तंभ होता. पुढे १९१४ च्या सुमारास इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड गावच्या डेव्हिड सुंडस्ट्रँड यांनी अवघ्या दहा कळांचे यंत्र सिद्ध केले. तीन ओळींत तीन-तीन कळा, वर ७-८-९ आणि तळाशी शून्य. बोटांना फार धावावे लागत नाही, हा या मांडणीचा गुण. आपल्या कळफलकावरचा गट हा तिचाच वंशज होय. त्यातील ५ या कळेवर बोटाला लागेल असा एक लहानसा उंचवटा असतो. मधले बोट तेथे टेकले की बाकीच्या आठही घरांचा पत्ता न पाहता लागतो.

येथे जाता जाता एक गंमत सांगितली पाहिजे. दूरध्वनीवर आणि पैसे देणाऱ्या ए.टी.एम. यंत्रावर १-२-३ वर असतात, तर कळफलकावर ७-८-९ वर. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९६० साली दूरध्वनीसाठी निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून वापरून पाहिल्या होत्या, आणि १९६३ च्या नोव्हेंबरात तेथे कळा दाबण्याचा दूरध्वनी बाजारात आला तो एक-दोन-तीन वर घेऊनच. दोन घराण्यांच्या दोन रीती तेव्हापासून शेजारी-शेजारी नांदत आहेत, आणि आपली बोटे दोन्ही घरी रुळलेली आहेत.

आता संगणकाकडे येऊ. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आय.बी.एम. कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक बाजारात आणला. त्याच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. त्यात बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. लिहिताना वर-खाली हिंडण्याची सोय तर हवी, आणि आकड्यांचा गटही हवा. मग एकाच गटाला दोन्ही कामे देऊन मधे नमलॉकची कळ बसविण्यात आली. गंमत अशी की, त्या पहिल्या कळफलकावर दिवाच नव्हता. कोणती स्थिती चालू आहे हे कळ दाबून पाहूनच समजे. १९८४ च्या ‘पीसी एटी’ या यंत्राबरोबरच्या कळफलकावर तीन दिवे आले. पुढे १९८६ च्या सुमारास १०१ कळांचा मोठा कळफलक रूढ झाला आणि त्यावर बाणांच्या कळा स्वतंत्र मिळाल्या. आता अंककळांनी बाणांची वेठ वाहण्याचे कारण उरले नाही. म्हणून नंतरच्या अनेक यंत्रांत सुरुवातीलाच नमलॉक चालू करून ठेवण्याची चाल पडली.

दुहेरी काम हा निसर्गनियम नव्हे, हे ॲपल कंपनीच्या कळफलकावरून दिसते. त्यांच्या मोठ्या कळफलकावर नमलॉकच्या जागी ‘क्लिअर’ नावाची कळ असते आणि तेथील अंककळा नेहमी आकडेच लिहितात. आपल्याकडील बहुसंख्य यंत्रांनी मात्र १९८१ सालची काटकसर आजतागायत वारशाने चालविली आहे.

दिवा आणि सांधा

आता यंत्राच्या आत डोकावू. पुष्कळांची समजूत अशी असते की, नमलॉक दाबले म्हणजे कळफलकातच काहीतरी बदल होतो. प्रत्यक्षात कळफलकाला आकडा आणि बाण यांतला भेद ठाऊकच नसतो. अंकगटातील ७ ही कळ दाबली की कळफलक संगणकाकडे एक ठराविक सांकेतिक क्रमांक पाठवितो. जुन्या पीसीच्या पद्धतीत तो ७१ असे. सांप्रतच्या यूएसबी पद्धतीत तो ९५ आहे. नमलॉक चालू असो वा बंद, क्रमांक तोच. तो मिळाल्यावर संगणक आपल्या जवळचे एक टिपण पाहतो. टिपणात ‘चालू’ असे असेल तर तो सात लिहितो, ‘बंद’ असेल तर आरंभाकडे जातो. नमलॉकची कळ दाबणे म्हणजे संगणकाला हे टिपण पालटण्यास सांगणे होय.

आणि दिवा? दिवा लावण्याचा हुकूम उलट दिशेने, संगणकाकडून कळफलकाकडे येतो. रेल्वेच्या रुळांवर सांधा बदलणारा माणूस केबिनमध्ये असतो आणि सिग्नलचा दिवा बाहेर खांबावर. दिव्याकडे पाहून गाडी कोणत्या रुळावर जाणार हे आपल्याला कळते. परंतु गाडी वळते ती सांध्यामुळे. तद्वत् येथे सांधा म्हणजे संगणकाजवळचे टिपण, आणि कळफलकावरचा दिवा म्हणजे केवळ सिग्नल. सांधा व सिग्नल सहसा एकमताने चालतात. तथापि एका संगणकावरून दुसरा दूरचा संगणक चालविताना दोघांची टिपणे वेगळी असू शकतात, आणि मग दिवा लागलेला असूनही आकडे उमटत नाहीत, असा चमत्कार दिसतो.

हे टिपण किती लहान असते याची कल्पना यावी म्हणून जुन्या डॉसच्या काळचे उदाहरण देतो. त्या यंत्रांत स्मृतीच्या १०४७ क्रमांकाच्या घरात कळफलकाची स्थिती लिहिलेली असे. एका घरात आठ खुणा मावतात. त्यांपैकी ३२ किमतीची खूण नमलॉकची. ती खूण असली तर चालू, नसली तर बंद. हौशी मंडळी छोटी आज्ञावली लिहून त्या घरात परस्पर ३२ ठेवून देत आणि दिवा लावून घेत. १९९३ साली आलेल्या एम.एस. डॉसच्या सहाव्या आवृत्तीत यासाठी एक ओळ लिहिण्याची अधिकृत सोय झाली. म्हणजे आपल्या आजच्या प्रश्नाचे वय तीस वर्षांहून अधिक आहे.

तीन कारभारी

हा प्रश्न इतकी वर्षे का टिकून राहिला? कारण संगणक सुरू होताना त्याचा कारभार एकाच हाती नसतो. वीज दिल्याबरोबर पहिला कारभारी जागा होतो. तो यंत्राच्या मुख्य पट्टीवरच वस्तीला असतो. त्यास बायोस म्हणतात, आणि त्याच्या नव्या अवताराचे नाव यूईएफआय. तो सर्व अवयव जागेवर आहेत ना हे तपासतो आणि नमलॉकच्या टिपणात काहीतरी लिहितो. मग तो विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या हाती किल्ल्या देतो. कार्यप्रणाली प्रथम नाव व परवलीचा शब्द विचारणारे पान उघडते. हा दुसरा कारभारी. शब्द बरोबर निघाला की त्या विशिष्ट माणसाचे टेबल मांडणारा तिसरा कारभारी येतो. प्रत्येक नवा कारभारी मागच्याचे टिपण जसेच्या तसे ठेवील किंवा आपल्या वहीत पाहून नवे लिहील. ‘दिवा लागला आणि विझला’ या तक्रारीचा उलगडा येथे होतो. पहिल्याने लावलेला दिवा दुसऱ्याने किंवा तिसऱ्याने विझविलेला असतो.

म्हणून उपाय करण्यापूर्वी निदान करावे. संगणक सुरू करून तीन वेळा दिव्याकडे पाहावे: वीज दिल्यावर, परवलीचा शब्द विचारला जातो तेव्हा, आणि आपले नेहमीचे चित्र पडद्यावर आल्यावर. दिवा ज्या टप्प्यावर विझतो, त्या टप्प्याच्या कारभाऱ्याची वही दुरुस्त करावयाची. वैद्याने नाडी पाहण्यापूर्वी काढा देऊ नये, तसेच हे आहे. पुष्कळ लोक पहिल्या कारभाऱ्याची वही पुनःपुन्हा सुधारीत बसतात आणि दोष तिसऱ्याचा असतो.

वही कोठे आणि कशी सुधारावी

पहिल्या कारभाऱ्याची वही उघडण्यासाठी यंत्र सुरू होताच एक विशिष्ट कळ दाबावी लागते. कंपनीपरत्वे ती एफ-२, एफ-१०, डिलीट किंवा एस्केप अशी असते. तेथे ‘बूटअप नमलॉक’ अशा अर्थाची एक ओळ शोधावी, ती ‘ऑन’ करावी आणि बदल जतन करून बाहेर पडावे. काही यंत्रांत ही ओळ नसतेच; तसे असेल तर शोधत बसू नये, पुढच्या दोघांकडे वळावे.

विंडोजमध्ये दुसऱ्या व तिसऱ्या कारभाऱ्यांच्या वह्या ‘रजिस्ट्री’ नावाच्या एका मोठ्या दप्तरात असतात. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘रेजएडिट’ असे लिहिले की ते उघडते. पडद्यावर सारी नावे अर्थातच इंग्रजी लिपीत दिसतात. त्यात ‘एचके करंट यूजर’ या शाखेखाली ‘कंट्रोल पॅनेल’ आणि त्याखाली ‘कीबोर्ड’ असे घर आहे. तेथे ‘इनिशियल कीबोर्ड इंडिकेटर्स’ या नावासमोर एक संख्या असते. ही आपल्या टेबलाची, म्हणजे तिसऱ्या कारभाऱ्याची वही. परवलीच्या पानाची वही ‘एचके यूजर्स’ या शाखेतील ‘डॉट डिफॉल्ट’ खाली, त्याच नावाच्या घरात असते. ती बदलण्यास यंत्राच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात.

त्या संख्येचा अर्थ कळला म्हणजे पाठांतराची गरज उरत नाही. तीत तीन खुणांची बेरीज असते: कॅप्स लॉकसाठी १, नमलॉकसाठी २ आणि स्क्रोल लॉकसाठी ४. शून्य म्हणजे तिन्ही बंद. म्हणून साध्या स्थितीत तेथे २ लिहावे. नव्या विंडोजमध्ये पुष्कळदा २१४७४८३६४८ अशी लांबलचक संख्या आढळते आणि माणूस दचकतो. दचकण्याचे कारण नाही. दोनाला दोनाने गुणीत एकतिसाव्या घातापर्यंत गेले की हीच संख्या येते. ती आणखी एका खुणेची किंमत आहे. तिच्यात आपले २ मिळवावेत, म्हणजे २१४७४८३६५० होतात. तेवढेच लिहावे आणि बाकी कशालाही हात लावू नये. त्या घराची एक प्रत आधी काढून ठेवणे हे शहाणपणाचे. या दप्तरात चुकीच्या जागी खाडाखोड केली तर यंत्र उठेनासे होऊ शकते, आणि कचेरीच्या यंत्रावर तर हे काम तेथील जबाबदार माणसाच्या संमतीनेच करावे. दप्तरात शिरण्याची इच्छा नसेल, तर परवलीच्या पानावर नमलॉक दाबून तेथूनच यंत्र ‘रीस्टार्ट’ करावे. पुष्कळ यंत्रांवर एवढ्यानेही काम भागते. आपण काम संपवून बाहेर पडतो त्या वेळची स्थितीही विंडोज टिपून ठेवते, म्हणून जाताना दिवा विझवू नये.

आणि तरीही दिवा न लागला तर? मग एका चौथ्या गोष्टीचा संशय धरावा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तीत ‘शट डाउन’ म्हटले तरी यंत्र पूर्णपणे झोपत नाही. आपल्या अंतर्भागाची अवस्था ते तबकडीवर लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालते. त्यामुळे वेळ वाचतो, पण जुन्या अवस्थेबरोबर कधी कधी जुने टिपणही परत येते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सर्व नव्याने सुरू होते. म्हणून केलेला बदल रीस्टार्ट करूनच पाहावा. रीस्टार्टनंतर दिवा लागतो आणि रोज सकाळी लागत नाही असे दिसले, तर कंट्रोल पॅनेलमधील विजेच्या पर्यायांत जाऊन ही सोय बंद करावी. सकाळचे काही क्षण जास्त जातील, एवढेच.

लिनक्स वापरणाऱ्यांचे काम बहुधा सोपे असते. केडीई टेबलाच्या कळफलक-व्यवस्थेत ‘सुरू होताना नमलॉक’ या प्रश्नाला चालू करा, बंद करा, आहे तसे ठेवा, असे तीन स्वच्छ पर्याय दिलेले आहेत. नोम या टेबलाला मागच्या वेळची स्थिती लक्षात ठेवता येते. लिनक्स मिंटमध्ये ‘नमलॉकएक्स’ हे छोटे साधन बसविले की परवलीच्या पानाच्या व्यवस्थेतच दिवा लावण्याची खूण करता येते. म्हणजे तेथेही कारभारी निरनिराळे आहेतच. फक्त त्यांच्या वह्या जरा उघड्यावर ठेवलेल्या आहेत.

ज्यांना दिवा नको आहे

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मग कारखान्यातूनच सर्व यंत्रांत हा दिवा कायमचा लावून का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

पहिले कारण लहान लॅपटॉपचे. ज्या लॅपटॉपवर वेगळ्या अंकगटाला जागा नसते, त्यांपैकी काहींत, विशेषतः जुन्यांत, अक्षरांच्या कळांवरच आकडे बसविलेले असतात. यू-आय-ओ या कळा ४-५-६ होतात, जे-के-एल १-२-३ होतात आणि एम होते शून्य. अशा यंत्रावर नमलॉक चालू असता एखाद्याने भक्तिभावाने इंग्रजी अक्षरांत ‘माउली’ लिहिले, तर एम, ए, यू, एल, आय यांच्या जागी शून्य, ए, चार, तीन, पाच असे उमटते. परवलीचा शब्द लिहितानाही हेच होणार. मोठ्या यंत्रावर जो दिवा विझल्याने माणूस बाहेर अडकतो, तोच लहान यंत्रावर दिवा लागल्याने अडकतो.

दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. अंध व्यक्ती संगणक वापरतात तेव्हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली त्यांच्या साहाय्याला असते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ साली सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशी एक विनामूल्य आज्ञावली आहे. तिच्या नेहमीच्या मांडणीत अंककळा याच वाचनाची साधने असतात. ७, ८, ९ या कळांनी मागची, चालू आणि पुढची ओळ ऐकू येते. ४, ५, ६ यांनी शब्द. १, २, ३ यांनी एकेक अक्षर. परंतु हे सर्व नमलॉक बंद असताना! आपण सद्भावनेने कचेरीतल्या प्रत्येक यंत्राचा दिवा लावून ठेवला, तर या सहकाऱ्याच्या हातांखालून त्याचे वाचनच काढून घेतल्यासारखे होते. ओळ ऐकावी म्हणून त्याने कळ दाबावी, आणि कागदपत्रात आठाचा आकडा उमटावा!

दिवा पाहता येत नसेल त्यांच्यासाठी, किंवा ज्या बिनतारी कळफलकांवर दिवा दिलेलाच नाही त्यांच्यासाठी, विंडोजमध्ये ‘टॉगल कीज’ नावाची सोय आहे. ती चालू केली की नमलॉक लागताना उंच स्वर आणि विझताना खालचा स्वर ऐकू येतो. आमच्या मते ही सोय डोळसांनीही वापरून पाहावी. पावतीवर नजर ठेवून काम करणाऱ्याला दिव्यापेक्षा आवाज लवकर कळतो.

यावरून सामायिक यंत्रांसाठी एक साधा नियम निघतो. ‘करंट यूजर’ची वही ज्याची त्याने आपल्या कामाप्रमाणे लिहावी. ‘डॉट डिफॉल्ट’ची वही, म्हणजे सर्वांच्या परवलीच्या पानाची, ही मात्र सार्वजनिक पाणवठ्यासारखी आहे, ती बदलण्यापूर्वी त्या यंत्रावर बसणाऱ्या सगळ्यांना विचारावे. विचारण्यास दोन मिनिटे लागतात.

यंत्राची सुरुवातीची स्थिती कोणीतरी केव्हातरी ठरविलेली असते. ती ठरविणाऱ्याने आपले टेबल पाहिलेले नसते, आपल्या पावत्या पाहिलेल्या नसतात, आपल्या शेजारी कोण बसते हेही त्याला ठाऊक नसते. तरी पुष्कळ लोक वर्षानुवर्षे रोज सकाळी मुकाट्याने नमलॉक दाबतात आणि यंत्राचा स्वभावच असा, असे म्हणून सोडून देतात. यंत्राला स्वभाव नसतो. त्याच्याजवळ वह्या असतात, आणि त्या वाचता येतात. उद्या सकाळी आपापल्या कचेरीत गेल्यावर श्रोत्यांनी तीन वेळा त्या दिव्याकडे पाहावे आणि तो कोणत्या कारभाऱ्याच्या हाती विझतो तेवढे टिपून ठेवावे. वही सुधारणे मग अर्ध्या तासाचे काम आहे.